आईची खोली, सव्वीस अंश

जेचॉन, २२ जानेवारी

प्रिय तेसॉप,

मंगळवारपासून तुझे अकरा मेसेज आलेत. 'घर दिसत नाहीये.' 'वायफाय गेलंय का?' 'राउटर बंद करून परत चालू कर.' 'यंगरान, अगं घर का दिसत नाहीये?' बाबा रे, घर जिथं होतं तिथंच आहे, पंधराव्या मजल्यावर, लिफ्टच्या उजव्या हाताला. फक्त तुझ्या फोनमधून गेलंय. भिंतीवरचे ते तुझे चारही काळे काचेचे थर्मोस्टॅट मी प्यो मिस्त्रींना बोलावून काढून टाकले आणि त्यांच्या जागी साधे, हाताने फिरवायचे बसवून घेतले. झालं, आता तुझं डोकं फिरणार. फिरू दे. पण पत्र शेवटपर्यंत वाच, मग काय तो आरडाओरडा कर.

तुझ्या कारखान्यातले बोंग साहेब शुक्रवारी परत तिकडे परदेशात, दोंगनाईला निघालेत, त्यांच्यासोबत हे पाठवते आहे. सोबत समुद्रशेवाळाची पाकिटं आहेत, ती सगळी एकट्याने संपवू नकोस. फोनवर का नाही बोलले म्हणशील. फोनवर तू 'हं, हं' करतोस आणि तेवढ्यात तुझं बोट ॲपवर फिरत असतं, मला ऐकू येतं ते. शिवाय मी फोनवर ओरडले असते. मग तू गुमजू वन्संना फोन लावला असतास, आणि तुम्ही बहीणभावांनी मिळून ठरवलं असतं की यंगरान दमली आहे बिचारी. मी दमलेली नाही, मी संतापलेली आहे. तुझ्यावर आहे, आणि त्याहून जास्त स्वतःवर आहे.

पहिल्यापासून सांगते, कारण तुला आपल्या सोयीचं तेवढंच आठवतं. नवीन घराचं ठरलं तेव्हा मी काय म्हटलं होतं? फरशीचा रंग तू निवड, स्वयंपाकघराचा ओटा मी निवडते, आणि फरशीखालच्या पाइपांतलं पाणी गरम-गार करायचं भिंतीवरचं जे काही असेल ते तुझ्या आईला कळेल असं घेऊ. एवढी एकच अट होती माझी. त्यावर तू दुकानात दोन तास काढलेस. दोन तास! प्यो मिस्त्रींनी सात प्रकार टेबलावर मांडले. एक फोनवर चालणारा, एक माणूस घरात आहे की नाही ते ओळखणारा, एक हवामान बघून आपलं आपण ठरवणारा, आणि एक बोलणारा. त्या बोलणाऱ्याने 'मी काय मदत करू?' विचारल्यावर आईने त्याला अगदी अदबीने 'जेवलात का?' म्हणून विचारलं होतं, आठवतंय? दुकानभर हशा झाला. आईसुद्धा हसली. मी कोपऱ्यातला पांढरा, मोठ्या आकड्यांचा, गोल फिरवायचा उचलला, तर तू माझ्याकडे असं पाहिलंस की जणू मी नव्या घरात शेणाची गोवरी घेऊन चालले आहे. 'यंगरान, आता कोण घेतं असलं?' म्हणालास. आई घेते, आईला येतं ते चालवता, हे मी म्हटलं, पण तोवर तू त्या काळ्या काचेवर बोट फिरवत होतास.

तुझं म्हणणं अगदीच चूक होतं असं नाही, हेही लिहिते. गेल्या हिवाळ्यात गावच्या घरात आईची कंबर भाजली ते काय मी विसरले का? ते घर चुलीच्या धुरावर तापणारं, जमीन इतकी तापायची की तिच्यावर चिकटवलेला कागद करपायचा, आणि आईचा हट्ट असा की झोपायचं तर अगदी चुलीकडच्या जागेवरच. ऐंशीच्या वयात कातडीला कळतंय कुठे! झोपेतच फोड आला, महिनाभर मी दिवसाआड बस धरून पट्टी बदलायला जात होते. आणि गुमजू वन्संनी देजॉनहून फोनवर मला काय सुनावलं? 'सून जवळ असून माझ्या आईची ही दशा!' तू म्हणालास, कुलूप लागेल असा थर्मोस्टॅट घेऊ. आईने बटणं दाबली तरी काही होणार नाही, आणि मी तिकडून बघत राहीन. खरं सांगते, मला बरं वाटलं होतं. वाटलं, उद्या काही झालंच तर निदान माझ्या डोक्यावर येणार नाही. म्हणून मी हो म्हटलं. आईच्या काळजीने नाही, तुझ्या बहिणीच्या धाकाने.

तर ते काळे आरसे लागले. लावल्या दिवसापासून माझ्या नाकी नऊ आणले त्यांनी. दिवाणखान्यात दोन अंश वाढवायचे तर आधी फोन शोध, मग चष्मा शोध, मग पासवर्ड. एकदा ॲपने मला विचारलं, तुम्ही या घराच्या सदस्य आहात का? मी भांडी घासता घासता उभी होते, हाताला साबण, आणि माझ्याच घरात मी कोण हे मला एक फोन विचारतोय. मला सदस्य करून घ्यायचं आमंत्रण पाठवायला तू हवास, आणि तू बैठकीत. तू दोंगनाईच्या बत्तीस अंशांत अर्ध्या बाह्यांच्या शर्टात बसून माझी जमीन तापवणार, आणि मी इथे उणे अकरात कोट घालून तुझी वाट बघणार. पुन्हा कुलूप लागलं की भिंतीवर आकडा म्हणून दिसत नाही. हात लावला की एक छोटं कुलूप उजळतं आणि विझतं. किती सुंदर दिसतंय, म्हणाला होतास तू.

आईच्या खोलीतल्या त्या काचेकडे आई पहिल्या दिवशी बराच वेळ बघत उभी होती. मग मला म्हणाली, 'सूनबाई, ह्यात मी दिसते, पण ऊब कुठे दिसते गं?' मी म्हटलं, आई, ती तेसॉपच्या फोनमध्ये दिसते. त्यावर ती किती खूश झाली होती म्हणून सांगू. गावाहून कोणाचा फोन आला की पहिलं तेच, माझा मुलगा परदेशातून माझी खोली तापवतो म्हणून.

आणि मग डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिने पहिल्यांदा म्हटलं, जमीन गार आहे. तू फोन उघडलास. 'आईची खोली, सव्वीस अंश.' मलाही तिकडून फोटो पाठवलास. सव्वीस म्हणजे आपल्या खोलीपेक्षा पाच जास्त. मी आईला म्हटलं, आई, सव्वीस आहे, तुम्हाला गावच्या भाजणाऱ्या जमिनीची सवय ना, म्हणून वाटतंय. ती म्हणाली, 'हो का? असेल बाई.' चार दिवसांनी परत. परत तू फोन उघडलास, परत सव्वीस. तिसऱ्या वेळी तिने आपल्याला न सांगता गुमजू वन्संना सांगितलं, आणि वन्संनी मला कामावर फोन केला. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात दोनशे रुग्णांचं जेवण लावायची वेळ, आणि ह्या विचारतायत, 'तू माझ्या आईची खोली बंद ठेवतेस का गं? गॅस वाचवतेस?' माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी तिथेच वाफेत उभी राहून तुझ्याकडून त्या आकड्याचा फोटो मागवला आणि वन्संना पाठवला. खाली लिहिलं, 'घ्या, बघा तुमच्या डोळ्यांनी.' दहा मिनिटं उत्तर आलं नाही. तेसॉप, लग्नाला चोवीस वर्षं झाली, त्यांना गप्प करायला मला पहिल्यांदाच जमलं होतं. त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःसाठी लाल बीनचं गोड पुरण भरलेले, माशाच्या आकाराचे गरम केक घेतले, तीन खाल्ले.

मग त्यांचं उत्तर आलं. 'म्हणजे आईचंच डोकं चालेनासं झालंय तर.'

तिथून सगळं कसं सरसर घडत गेलं बघ. एकदा ती शंका घरात आली की मग प्रत्येक गोष्टीत तीच दिसायला लागते. मी पहाटे पाचला उठते, तर आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली, पाठ बेसिनखालच्या कपाटाला लावून, डोळे मिटून. एकदा नाही, तीनदा. दुसऱ्याच आठवड्यात त्याच कपाटात मला तिचे लोकरी मोजे सापडले, पाइपांवर व्यवस्थित पसरून ठेवलेले. मग एकदा तिची आतली बंडी सापडली. मी कपाळावर हात मारला. दासोमला फोन केला, ती सेऊलहून रडायला लागली, 'आई, आजी आता आपल्याला विसरणार का?' आणि आईला किती देखभाल लागते त्याचं मूल्यमापन करायला त्या सरकारी बाई आल्या तेव्हा मी हे सगळं सांगितलं. मी सांगितलं, तेसॉप. तू नव्हतास, वन्सं नव्हत्या, मीच होते. सव्वीस अंशांत गार लागतं म्हणतात, पहाटे बेसिनखाली बसतात, मोजे कपाटात ठेवतात. बाईंनी सगळं लिहून घेतलं. त्यांचं काही चुकलं नाही, मी जे सांगितलं तेच त्यांनी लिहिलं. आई शेजारी बसली होती, हात मांडीवर ठेवून. बाईंनी विचारलं, आज कोणता वार? आईने बरोबर सांगितला. मला वाटलं, चला, आजचा दिवस बरा दिसतोय.

नव्या वर्षापासून आईने तक्रारच बंद केली. तू फोनवर विचारायचास, 'आई, ऊब आहे ना?' आणि ती म्हणायची, 'आहे रे, खूप ऊब आहे, तू कशाला काळजी करतोस.' तू मला म्हणालास, बघ, रुळली ती. मलाही हायसं वाटलं. पण तोवर वन्संनी देजॉनजवळच्या त्या वृद्धाश्रमात जागा बघून ठेवली होती, तू पैसे भरायला हो म्हटलं होतंस, आणि एकोणतीस तारीख ठरली होती. आईला मीच सांगितलं. तिने एकदाच विचारलं, 'तेसॉपलाही असंच वाटतं?' मी हो म्हटलं. 'मग ठीक आहे,' म्हणाली, आणि लसूण सोलायला बसली.

आता सोमवारचं सांगते. सोमवारी मला सुट्टी होती, म्हटलं आईचं सामान भरायला घेऊ. मोठी बॅग तुझ्या खोलीत. तुझ्या खोलीचं दार मी घरात आल्यापासून उघडलं नव्हतं, तूच बजावून गेला होतास ना, माझ्या मासेमारीच्या गळांना आणि खोक्यांना हात लावू नका, मी आलो की बघेन. दार उघडलं तर तोंडावर गरम हवेचा असा लोट आला की मी मागे सरले. वाटलं, आतमध्ये काही जळतंय. आत पाय टाकला तर जाड सपातेतूनही ऊब लागावी इतकी जमीन तापलेली. तुझ्या खोक्यांची चिकटपट्टी सुटून खाली लोंबत होती. बॅग जमिनीवर आडवी होती, तिला हात लावला तर ताजी भाजलेली रताळी गुंडाळून ठेवावीत तशी गरम. मी तिथेच उभी राहिले, आणि मला लगेच कळलं नाही, खरंच कळलं नाही. मग एकदम कळलं.

आठव आता. तू आणि प्यो मिस्त्रींनी थर्मोस्टॅट लावले ते सामान यायच्या दोन दिवस आधी. न्हाणीघराशेजारची खोली आईची, गॅलरीकडची तुझ्या सामानाची, असं तेव्हा ठरलेलं होतं, आणि तू ॲपमध्ये तशी नावं घातलीस. मग सामान आलं त्या दिवशी काय झालं? आई भाताचा कुकर मांडीवर घेऊन लिफ्टसमोर बसून राहिली आणि आत यायला तयार होईना. त्या खोलीत भिंतीतलं कपाट असं होतं की गादी टाकली तर डोकं उत्तरेलाच येत होतं. 'उत्तरेला डोकं मेलेल्या माणसाचं,' म्हणाली, 'मला न्यायचंच असेल तर सरळ स्मशानात न्या.' हमाल खोळंबले, मी वैतागले, तू हसत होतास. शेवटी तूच तिची लाकडी पेटी उचललीस आणि गॅलरीकडच्या खोलीत नेलीस, आणि तुझी खोकी न्हाणीघराशेजारी आली. पेटी हलली, गादी हलली, माणूस हललं. ॲपमधली नावं तिथेच राहिली. ना तुझ्या लक्षात आलं, ना माझ्या. तू दोंगनाईहून रोज सकाळ-संध्याकाळ आईची खोली म्हणून आपल्या गळांची खोली तापवत होतास. आणि ज्या खोलीवर तुझं नाव होतं, तिच्यासाठी तू काय निवडलं होतंस? 'घरात कोणी नाही.' पाइप गोठू नयेत इतकंच पाणी फिरवायचं. आठ आठवडे तुझी आई तिथे झोपत होती. आणि भिंतीवरच्या काचेला कुलूप.

प्यो मिस्त्री मंगळवारी सकाळी आले, त्यांनी आईच्या खोलीत मापक ठेवलं. चौदा. उन्हं आल्यावर. मग ते सरळ बेसिनखालचं कपाट उघडून बसले, आणि मला दाखवलं की सगळ्या खोल्यांचे गरम पाइप तिथूनच फुटतात, घरातली सगळ्यात उबदार जागा तीच. मी म्हटलं, हो, माझ्या सासूबाईंना माहीत आहे.

आता तू विचारशील, यंगरान, तू रोज त्या घरात होतीस, तुला कसं नाही कळलं? तू नाही विचारलंस तरी वन्सं विचारतीलच, आणि ह्या वेळी त्यांचं बरोबर असेल. मी दिवसभर वाफेत उभी असते, घरी आल्यावर मला गारच बरं वाटतं. पायात जाड सपाता असतात. तिच्या खोलीत गेले की गार लागायचं मला, लागायचं, पण मी म्हणायचे हिने परत खिडकी उघडली असणार. म्हणजे माझ्या अंगाला कळत होतं आणि मीही फोनच बघत होते. एकदा तर, ख्रिसमसच्या आसपास, तिने फारच धरलं म्हणून मी खाली बसून तिच्या पांघरुणाखाली हात घालून बघितला. कोमट होतं. मी म्हटलं, आई, बघा, गरम तर आहे. ती नुकतीच तिथून उठली होती, तेसॉप. ती तिच्या अंगाची ऊब होती, आणि मी तिच्याच अंगाच्या उबेवरून तिला खोटं पाडलं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुलाच लिहिते आहे.

बॅग मी भरली नाही. पण पेटीतून कपडे काढायला घेतले होते तेव्हा खाली कॅलेंडरची पानं सापडली, डिसेंबरची, मागच्या कोऱ्या बाजूने लिहिलेली. आईच्या त्या मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरात रोज तेच लिहिलंय. माझं नाव पे ओकसुन. मुलगा तेसॉप, सून यंगरान, नात दासोम. घर पंधरावा मजला. आज अमुक वार. आणि सगळ्यात खाली, प्रत्येक पानावर, 'जमीन गरम आहे.' शाळेतल्या पोरासारखं घोकत होती रे ती. तिला गार लागत होतं, आणि ती घोकत होती की गरम आहे, म्हणजे आपण तिला घरात ठेवू. मी तिथेच बसून रडले. आई बाहेर टीव्ही बघत होती, तिने विचारलं, 'काय गं, कांदा चिरतेस का?'

वन्संना मी मंगळवारीच फोन केला. त्या आधी चिडल्या, मग त्याही रडल्या. आम्ही दोघी एकमेकींशी इतक्या नीट कधी बोललो नव्हतो. वृद्धाश्रमाला मी नाही म्हणून कळवलंय, तुला न विचारता. मोठ्या आकड्यांचा गोल थर्मोस्टॅट आईच्या खोलीत लागलाय. प्यो मिस्त्रींनी तो अठ्ठावीसच्या पुढे फिरणार नाही असं काहीतरी आतून करून दिलंय, म्हणजे भाजायची भीती नाही. ती कारागिरी आधीही होत होती म्हणे, आपण विचारलंच नव्हतं. तुझ्या खोलीची जमीन आता गार आहे. तुझ्या गळांचं काय झालं असेल ते तू आल्यावर बघ, मला त्याची काडीमात्र काळजी नाही.

इथवर वाचून तुला वाटत असेल की प्रकरण मिटलं, आता दिलगिरीचा एक मेसेज टाकावा. मिटलेलं नाही. मी हे पत्र तुझे कान उपटायला लिहिलेलं नाही, तसं असतं तर फोनच केला असता. मंगळवारी संध्याकाळी मी आईसमोर बसले, तिचे हात धरले आणि सगळं सांगितलं. नावांची अदलाबदल, चौदा अंश, आमची चूक. म्हटलं, आई, तुमचं डोकं ठिकाणावर होतं, जमीनच गार होती. तिने ऐकून घेतलं आणि माझ्या हातावर थोपटलं. म्हणाली, 'पोरी, माझं मन राखायला यंत्राला नावं ठेवू नकोस. तिकडून तेसॉप बघत होता ना रोज? त्याने माझी जमीन गार पडू दिली असती का?' मी परत सांगितलं, प्यो मिस्त्रींचा आकडा दाखवला. तिने नकाराची मान हलवली. काल मी विचारलं, आता ऊब लागते ना? तर म्हणते, 'लागतेय खरी. पण माझ्या लागण्यावर आता काय भरवसा!' तुझा फोन खोटा होता हे ती मानायला तयार नाही. त्यापेक्षा आपलं डोकं गेलं हे तिला सोपं वाटतंय. माझ्या हातून हे होणार नाही, वन्संच्याही नाही, डॉक्टरच्याही नाही. म्हणून तुला लिहिलं. पत्र संपलं की मला फोन करू नकोस, गुमजू वन्संना करू नकोस. आईला कर. कारणं सांगू नकोस, ॲपचं समजावत बसू नकोस. एवढंच म्हण, 'आई, मी बघतच नव्हतो. जमीन गार होती.' आणि ती पटकन 'असू दे रे' म्हणेल तेव्हा फोन ठेवू नकोस, तिला खरं वाटेपर्यंत परत म्हण.

तुझीच,
यंगरान